तळमजल्यातले पाइप आणि डक्ट झाकताना: कोकणातल्या घरमालकांचे नेहमीचे प्रश्न

कुडाळ, मालवण, देवगड या पट्ट्यात मी सीलिंगची आणि पार्टिशनची कामं घेतो. उतारावरच्या घराची खालची खोली राहण्याजोगी करायची म्हटलं की आधी डोळ्यांत खुपतात ते छताखालून आडवे गेलेले पाइप. "तेवढे बॉक्समध्ये घ्या", म्हणजे सांगाड्यावर बोर्ड मारून पेटीत झाका, असं सांगणारा फोन आठवड्याला एक तरी येतो, आणि पुढचे प्रश्नही ठरलेले असतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली.

आपल्याकडे तळघर असतं तरी कुठे?

जमिनीत खोल गेलेलं तळघर कोकणात फारसं कोणी काढत नाही. कातळ फोडण्याचा खर्च आणि पावसाळ्यात आत येणारं पाणी, दोन्ही झेपत नाही. पण उतारावर घर बांधलं की ते रस्त्याकडून एक मजली आणि मागून, माडांच्या बाजूने, दोन मजली दिसतं. त्या खालच्या खोलीची एक भिंत मातीला टेकलेली असते. डोक्यावर स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास. आणि त्या सगळ्यांचे पाइप हिच्याच छताखालून सेप्टिक टँककडे निघालेले. पूर्वी तिथे नारळ, फाटी आणि आंब्याच्या रिकाम्या पेट्या पडलेल्या असायच्या, त्यामुळे पाइपांकडे कोणी बघत नव्हतं. आता तिथे होम-स्टेची खोली हवी असते, नाहीतर मुंबईहून येणाऱ्या मुलासाठी एसी लावलेलं ऑफिस. या पानावर 'तळमजला' म्हणतोय तो हाच.

पाइप झाकलेच पाहिजेत का?

नाही. भिंतीच्या रंगात रंगवलेला, सरळ रेषेत क्लॅम्प मारलेला पाइप मला बेढब बॉक्सपेक्षा बरा वाटतो. खोली सामान ठेवायला किंवा मुलांना कॅरम खेळायला असेल तर पाइपांवर ऑइलपेंटचे दोन हात मारा आणि उरलेले पैसे बाहेरच्या गटारावर घाला. झोपायची खोली असेल तर मात्र झाकाच. दिसण्यापेक्षा आवाजासाठी.

काम कधी काढावं? गणपतीच्या आधी होईल का?

हा प्रश्न मला जुलैमध्ये विचारला जातो आणि मी दरवर्षी नाही म्हणतो. आपल्याकडे वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मातीला टेकलेली चिऱ्याची भिंत या काळात पाणी पीत असते. जांभा सच्छिद्र दगड. नुसत्या गिलाव्याने त्याची तहान भागत नाही. त्या भिंतीला लागून बॉक्स मारला की आत कोंडलेला दमटपणा ऑक्टोबरपर्यंत हलत नाही आणि दिवाळीला बोर्डावर काळे ठिपके उठतात.

माझा आग्रह असा, की खोली एक अख्खा पावसाळा उघडी बघावी आणि काम डिसेंबर ते एप्रिलमध्ये काढावं. बघायचं कसं? जुलैच्या पहिल्या आठवड्यात मातीकडच्या भिंतीवर दोन फूट चौकोनी जाड प्लास्टिक लावा, चारी कडा चिकटपट्टीने हवाबंद करा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. मग जवळ जाऊन बघा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, धरले असतील तर पाणी भिंतीतून येतंय. तिथे बॉक्सिंग सोडाच, आधी बाहेरून पागोळीचं पाणी लांब न्या, भिंतीच्या पाठीमागे खडी भरून चर काढा, वॉटरप्रूफिंग करा. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर ती हवेची वाफ आहे. एक्झॉस्ट पंखा आणि उघडी खिडकी यांनी बरंच भागतं. दोन्हीकडे कोरडं असेल तर तुमचं नशीब थोर, मला डिसेंबरात फोन करा.

पाइप झाकण्याआधी काय तपासायचं?

झाकण्याआधी जे दिसतं ते नंतर दिसणार नाही, एवढं डोक्यात ठेवून बसा. वरच्या मजल्यावरची प्रत्येक गोष्ट एकाच वेळी वापरायला लावा: फ्लश ओढा, बादल्या ओता, सिंक तोंडापर्यंत भरून एकदम सोडा. तुम्ही खाली बॅटरी घेऊन उभे राहा आणि प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर लावा. हाताला न कळणारा ओलावा टिश्यूला कळतो. प्रेशरच्या लाइनसाठी, म्हणजे टाकीतून नळाला येणाऱ्या पाण्याच्या पाइपासाठी, रात्री सगळे नळ बंद करून टाकीची पातळी खडूने आखा आणि सकाळी बघा.

मग उतार. संडासाच्या 110 मिलिमीटरच्या पाइपाला साधारण 40 ला 1 असा उतार हवा, म्हणजे 40 इंच पुढे गेला की 1 इंच खाली. क्लॅम्प साडेतीन फुटांच्या आत एक असावा. लांब अंतरावर टांगलेला पाइप मधे पोट काढतो, त्या पोटात मैला बसतो आणि दोन वर्षांनी तुम्ही बॉक्स फोडता. क्लॅम्प वाढवायला लागतात शंभर-दोनशे रुपये, पण ते बोर्ड लागण्याआधी.

शेवटी फोटो. भिंतीला टेप लावून, आकडे वाचता येतील असे, प्रत्येक जोडाचे. फोटो कागदावर छापून मीटरच्या कपाटात चिकटवा. मोबाइल बदलतात, कपाट राहतं.

बॉक्सचं माप कसं काढायचं?

पाइपाचा व्यास मोजून माप काढणारे लोक जोडावर अडकतात. पाइप 110 चा असला तरी त्याचं सॉकेट, म्हणजे जोडाचं फुगीर तोंड, बाहेरून 130 च्या घरात जातं. कोपऱ्यातल्या उभ्या पाइपाचा हिशोब असा: क्लॅम्पमुळे पाइप भिंतीपासून 25 मिलिमीटर सुटलेला, सॉकेट 130, पुढे मोकळी जागा 20, सांगाड्याचं ॲल्युमिनियमचं सेक्शन (चौकोनी नळी) 25, बोर्ड 12. झाले 212, म्हणजे साडेआठ इंचांना एक सूत कमी. साडेआठ धरा. सहा इंचांत बसवतो म्हणणारा सुतार एक तर पाइप घासणार किंवा सांगाडा पाइपालाच टेकवणार.

ती 20 मिलिमीटरची जागा उगाच सोडलेली नाही. पीव्हीसी तापलं की वाढतं; 3 मीटरच्या पाइपात 20 अंशांच्या फरकाने साधारण 4 मिलिमीटर. गिझरच्या सीपीव्हीसी (गरम पाण्याच्या प्लास्टिक पाइपाच्या) लाइनला हा फरक रोज सकाळी भोगावा लागतो. सांगाड्याला घट्ट टेकलेला पाइप अंघोळीच्या वेळी कटकट वाजतो, आणि घरातली म्हातारी माणसं वर उंदीर झालेत म्हणून सापळे लावतात.

आडव्या बॉक्सला आणखी एक मेख आहे. बॉक्स लेव्हलमध्ये हवा, पण पाइप उतारात असतो. 15 फुटांच्या लाइनला 40 ला 1 या हिशोबाने साडेचार इंच उतार पडतो. सुरुवातीला पाइपाचं बूड स्लॅबखाली 8 इंच असेल तर दुसऱ्या टोकाला ते साडेबारावर गेलं. त्यात जागा, सेक्शन आणि बोर्ड मिळून सव्वादोन इंच. म्हणजे पावणेपंधरा, आणि हे माप पूर्ण लांबीला. स्लॅब 9 फुटांवर असेल तर बॉक्सखाली साधारण पावणेआठ फूट मिळतात. माप नेहमी खालच्या टोकाला घ्या. वरच्या टोकाला घेतलेलं माप घेऊन काम सुरू केलेलं मी पाहिलंय; शेवटच्या पाच फुटांत बॉक्सला पायरी पडली होती आणि मालकीण बाई ती डिझाइन म्हणून पाहुण्यांना दाखवत होत्या.

बीमला भोक पाडून पाइप वर घेतला तर बॉक्स लहान होईल ना?

होईल. बीमही लहान होईल. असलं काम करणाऱ्याला स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही आणायला सांगा. तो दुसऱ्या दिवशी येत नाही.

सांगाडा कशाचा घ्यावा: लाकूड, जीआय की ॲल्युमिनियम?

मातीकडच्या भिंतीपाशी लाकूड नको, सागवानसुद्धा नको. वाळवीला अंधार, ओल आणि शांतता हवी असते, बॉक्समध्ये तिन्ही फुकट. सुतार म्हणेल, "मरीन प्लाय वापरू, काही होत नाही." मरीन प्लाय म्हणजे आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का असलेला, तो उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या गोंदाचा असतो, पण गोंद टिकतो म्हणजे वाळवी लागत नाही असं नव्हे. शिवाय नुसतं 'मरीन' छापलेला प्लाय आणि 710 चा प्लाय या दोन वेगळ्या वस्तू आहेत. काठावरचा शिक्का वाचा.

जीआय, म्हणजे सीलिंगवाले वापरतात ती पत्र्याची चॅनेल, स्वस्त पडते आणि हात बसलेले कारागीर सहज मिळतात. समुद्रापासून आत, कुडाळ किंवा कणकवलीला, मी बिनदिक्कत वापरतो. पण मालवणला, देवगडला, वेंगुर्ल्याला, जिथे खिडकीच्या ग्रीलला दर दोन वर्षांनी रंग लागतो, तिथे पत्र्याची कापलेली कड आधी गंजते. जस्ताचा थर वर असतो, कापलं की आतलं लोखंड उघडं. वापरायचंच असेल तर प्रत्येक कापलेल्या कडेला झिंकचा प्रायमर लावून घ्या आणि तो लावताना तिथे उभे राहा.

किनाऱ्यालगत माझी पसंती ॲल्युमिनियमच्या एक इंची चौकोनी सेक्शनला. महाग आहे, पण पुन्हा उघडून पुन्हा बसवता येतं. स्क्रू मात्र स्टेनलेस स्टीलचे. सीलिंगवाल्यांच्या डब्यातले काळे स्क्रू खाऱ्या हवेत वर्षभरात पुट्टीतून तांबडा डाग दाखवतात. भिंतीला गोवर उठल्यासारखं दिसतं.

यूट्यूबवर अमेरिकेतले लोक लाकडातच करतात, मग आपण का नाही?

त्यांचं तळघर वेगळं, हवा वेगळी, आणि पाइप वाहतात तेही वेगळं. तिकडे घराची भट्टी तळघरात असते आणि छताखालून जाणाऱ्या मोठ्या पत्र्याच्या डक्टमधून हिवाळ्यात गरम हवा वर जाते. आपला डक्ट, असलाच तर, थंड हवेचा. ते ज्याला टू-बाय-फोर म्हणतात ते लाकूड प्रत्यक्षात दीड इंच गुणिले साडेतीन इंच असतं, 16 इंचांवर एक उभं करतात, आणि सॉफ्टवुड तिकडे गोदामात रचून ठेवलेलं मिळतं. उंचीचेही हिशोब निराळे: तिथल्या निवासी कोडात राहत्या तळघराला 7 फूट पुरतात आणि डक्ट-बीमखाली 6 फूट 4 इंचांपर्यंत सूट आहे. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडात राहत्या खोलीला 2.75 मीटर, म्हणजे 9 फूट, आणि एसी खोलीला 2.4 मीटर धरलेत. एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून जरूर घ्या. बॉक्सच्या दोन्ही बाजू शिडीसारख्या जमिनीवर जुळवायच्या आणि मग उचलून वर बसवायच्या. त्याने हाताखालचा पोरगा दिवसभर मान वर करून उभा राहत नाही.

प्रत्यक्ष सांगाडा कसा उभा राहतो?

आधी लेव्हल पाइपने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, बॉक्सच्या बुडाची रेष खोलीच्या चारी भिंतींवर मारायची. लेसर असेल तर उत्तम. पण नळी खोटं बोलत नाही आणि तिचा सेलही संपत नाही. स्लॅबवर ओळंब्याने बाहेरच्या कडेची रेष उतरवायची आणि सुतळी रंगात भिजवून फटकारायची.

भिंतीला एक सेक्शन बुडाच्या रेषेवर. स्लॅबला एक सेक्शन बाहेरच्या रेषेवर. शिडी जमिनीवर जुळवली: वर एक आडवं, खाली एक आडवं, दर दोन फुटांवर उभा तुकडा. ती उचलून स्लॅबच्या सेक्शनला लावायची आणि शिडीच्या खालच्या कडेपासून भिंतीच्या सेक्शनपर्यंत दीड-दीड फुटांवर आडवे तुकडे टाकायचे. जिथे ट्रॅप डोअर, म्हणजे आतलं तपासायला उघडणारं छोटं दार, येणार तिथे तुकडे आताच चारी बाजूंनी चौकटीसारखे बांधून घ्या. बोर्ड लागल्यावर कापत बसलात तर कडेला आधारच उरत नाही.

सांगाड्याचा एकही तुकडा पाइपाच्या क्लॅम्पला बांधायचा नाही. फार सोयीचं दिसतं, मोह होतो. पण मग फ्लशचा प्रत्येक धक्का बोर्डाला लागतो आणि जोडाच्या टेपला सहा महिन्यांत केसाएवढी चीर जाते. आणि स्क्रूची लांबी: 12 मिलिमीटर बोर्डाला 25 चा स्क्रू पुरतो. कारागिराच्या हाताला 50 चा लागला म्हणून त्याने तोच मारला, की तो कुठे जाऊन टेकला हे पहिल्या पावसाआधीच कळतं.

उभ्या बॉक्सचा बोर्ड लादीपासून अर्धा इंच वर ठेवा. ती फट स्कर्टिंग झाकेल, पण पोछ्याचं पाणी बोर्डात चढणार नाही.

चिऱ्याच्या भिंतीत फिशर (स्क्रू धरणारी प्लास्टिकची गुल्ली) धरत नाही. काय करावं?

चिऱ्याच्या जोडात मारताय म्हणून. जुन्या घरात जोड मातीचे किंवा चुन्याचे असतात, ड्रिल लोण्यात घुसल्यासारखं जातं. चिऱ्याच्या मधोमध मारा आणि लांब फिशर घ्या. तिथेही दगड भुसभुशीत निघाला तर भोक साफ फुंकून केमिकल अँकर, म्हणजे घट्ट होऊन स्क्रू धरणारं रसायन, भरा. नाहीतर भिंतीचा नाद सोडून बॉक्सचं वजन स्लॅबवर घ्या आणि भिंतीला नुसता टेकू द्या. मी हल्ली हेच जास्त करतो.

एसीचा डक्ट किंवा ड्रेन पाइप बॉक्समध्ये असेल तर वेगळं काही?

वेगळं म्हणजे सगळंच. संडासाचा पाइप गळला तरच ओल येते. एसीचा डक्ट न गळता बॉक्स भिजवतो.

जुलैतल्या दुपारची हवा 30 अंश आणि 85 टक्के आर्द्रतेची धरा. ही हवा 27 अंशांच्या आसपासच्या कुठल्याही पृष्ठभागाला लागली की पाणी सोडते. डक्टमधली हवा असते 13-14 अंशांची. म्हणजे उघड्या पत्र्यावर घाम फुटणारच, सोलकढीच्या थंड पेल्यावर फुटतो तसा. त्यासाठी डक्टला आणि एसीच्या गॅसच्या तांब्याच्या नळ्यांना बंद पेशींच्या नायट्राइल रबराचं वेष्टण लागतं. किनाऱ्यावर मी डक्टला 19 मिलिमीटरच्या खाली जात नाही, आणि मातीकडच्या भिंतीलगत 25. जाडीइतकेच जोड महत्त्वाचे: वेष्टणाच्या दोन शीटच्या कडा गोंदाने चिकटवून वर टेप, आणि जिथे हँगर डक्टला धरतो तिथेही वेष्टण सलग. हँगरचा उघडा पत्रा डक्टला लागलेला असेल तर थेंब नेमका तिथून पडतो, आणि तुम्ही तीन महिने वरच्या न्हाणीघराला दोष देत बसता.

ड्रेन पाइप 25 मिलिमीटरचा घ्या, दर मीटरला निदान 1 सेंटिमीटर उतार द्या, आणि त्यालाही पातळ वेष्टण गुंडाळा. थंड पाणी वाहतं तोही घामतो. या बॉक्सला बाहेरच्या हवेची जाळी ठेवू नका. संडासाच्या किंवा साध्या पाण्याच्या लाइनच्या बॉक्सला वर-खाली छोटी जाळी चांगली, आतली हवा फिरते. पण थंड डक्टच्या बॉक्समध्ये दमट हवा सोडणं म्हणजे घामाला आमंत्रण.

ट्रॅप डोअर किती आणि कुठे?

याचं उत्तर मी माझ्या चुकीवरून देतो. मालवणजवळ एका घरात मी पंधरा फुटांचा बॉक्स एकसंध मारला. जोडाचा मागमूस नाही, कोपरे सुरीसारखे. मालक खूश, मीही खूश. पाइपाच्या वळणावर डोअर बेंड होता, म्हणजे तपासायला झाकण असलेला, आणि मला तो माहीत होता. पण दार ठेवलं तर चौकट दिसेल म्हणून मालक नको म्हणाले आणि मी ऐकलं. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. घरात बावीस माणसं, वरचा संडास तुंबलेला. मी गेलो तेव्हा खाली उकडीच्या मोदकांचा वास आणि दुसरा एक वास एकत्र येत होते. दाराजवळ बसलेल्या आजी मला बघून म्हणाल्या, "पाइप लपयलंस रे झिला, आता वास खंय लपयतलंस?" हॅक्सॉच्या पात्याने बोर्ड कापला तेव्हा बेंड नेमका कुठे आहे हे आठवेना, म्हणून तीन जागी कापला. फोटो काढले नव्हते.

तेव्हापासूनचा माझा नियम: प्रत्येक डोअर बेंड आणि डोअर टी, प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक ठिकाण जिथे दोन लाइन एकत्र येतात, आणि एसी ड्रेनचं ट्रॅप, या सगळ्यांखाली दार. दार 12 इंच चौकोनी तरी हवं. त्यापेक्षा लहान दारातून पान्हा जातो, पान्हा धरलेला हात जात नाही. चौकट ॲल्युमिनियमची, पल्ला बोर्डाच्याच तुकड्याचा, दाबून उघडणाऱ्या कळीचा. रंगारी दर वेळी ती फट पुट्टीने भरतो. त्याला आधी सांगा, नंतर पुन्हा सांगा, आणि पुट्टीच्या दिवशी तिसऱ्यांदा सांगा.

बोर्ड कोणता?

साधा जिप्सम तळमजल्याला नकोच. हिरवा, दमटपणा सोसणारा जिप्सम मिळतो. तो दमट हवा सोसतो, गळती सोसत नाही. मातीकडच्या भिंतीच्या आणि न्हाणीघराखालच्या बॉक्सला मी फायबर सिमेंट बोर्ड लावतो. जड आहे, कापताना धूळ उडते (मास्क लावा, ती धूळ फुप्फुसाला वाईट), पण भिजून वाळला तरी फुगत नाही. पीव्हीसी पॅनेलवर लोक नाक मुरडतात. दिसायला हलकं असतं खरं, पण पट्ट्या काढून पुन्हा लावता येतात, आणि भाड्याने द्यायच्या खोलीला ते मला चुकीचं वाटत नाही.

फ्लशचा आवाज बॉक्सने थांबतो का?

नुसत्या बॉक्सने उलट वाढतो. पोकळ पेटी ढोलकीचं काम करते. क्लॅम्प आणि पाइपाच्या मधे रबराची पट्टी घाला, पाइपाला जाड नायट्राइल किंवा जड ध्वनिरोधक चादर गुंडाळा, आणि पलंग असलेल्या बाजूला बोर्डाचे दोन थर द्या. ग्लासवूल कोंबायला सांगणारे भेटतील. ओल येण्याची शक्यता असलेल्या जागी ते भिजलेल्या गोधडीसारखं लोंबतं.

उंदीर, वाळवी, साप?

उंदीर येतात ते पाइप भिंतीतून बाहेर जातो तिथल्या फटीतून. फट सिमेंटमध्ये काचेचे तुकडे घालून बुजवा, वर स्टीलची जाळी. फोमने भरू नका, ते एका रात्रीत कुरतडलं जातं. उंदीर थांबले की त्यांच्या मागे येणारी धामणही थांबते. वाळवीसाठी बॉक्स मारण्याआधी भिंत आणि लादीच्या सांध्यात भोकं पाडून औषध भरून घ्या. बांधून झालेल्या घराची ही पद्धत आयएस 6313 च्या भाग 3 मध्ये दिली आहे. कंत्राटदाराला ते मानक माहीत नसेल तर दुसरा बघा.

वायरी आणि गॅसची नळीही त्याच बॉक्समध्ये घेऊ का?

वायरी वेगळ्या कंड्युटमधून, पाण्याच्या लाइनच्या वर, आणि आत एकही जोड नको. गॅसची नळी अजिबात नको. एलपीजी हवेपेक्षा जड. गळलं तर बंद पेटीत आणि खालच्या खोलीत साचून राहतं. त्याच कारणाने जमिनीच्या पातळीखालच्या खोलीत सिलिंडरही ठेवू नये, रिकामा म्हणूनसुद्धा.

आमचं घर नदीकाठी आहे, पाणी आत येतं. तरी करावं का?

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर तिकडच्या लोकांना हे सांगावं लागत नाही. पाणी जिथवर चढलेलं आठवतं त्या रेषेखाली बोर्ड नको. उभे पाइप तिथे उघडेच रंगवा.

दर कसा ठरवतात?

इथेच भांडणं होतात. कोणी रनिंग फुटाने सांगतो, कोणी चौरस फुटाने. आडव्या बॉक्सच्या दोन बाजू मिळून दोन-अडीच फूट भरतात, त्यामुळे दोन दर ऐकायला सारखे वाटले तरी बिल दुप्पट होऊ शकतं. लिहून घ्या: कोणता फूट, सेक्शनची जाडी किती, स्क्रू कसले, ट्रॅप डोअर दरात की वेगळं, रंग कोणाचा. तोंडी ठरलं असेल तर निदान मेसेजवर तरी.

बॉक्स मारून झालाय आणि आतून थेंब पडल्याचा आवाज येतोय. आता?

आधी वेळ लिहा. एसी चालू असतानाच येत असेल तर घाम किंवा ड्रेन. फ्लशनंतर लगेच येत असेल तर सांडपाण्याचा जोड. रात्रंदिवस एका तालात येत असेल तर प्रेशरची लाइन, तिचा व्हॉल्व्ह आत्ताच बंद करा. मग सगळ्यात जवळचं ट्रॅप डोअर उघडा. दार नसेल तर बोर्डाच्या बुडाला, डागाच्या खालच्या टोकाला, पेन्सिलएवढं भोक पाडा आणि खाली बादली ठेवा. साचलेलं पाणी निघून गेलं की बोर्ड कोसळण्याची भीती जाते. त्यानंतर मीटरच्या कपाटातला फोटो काढून माप घ्या आणि एकाच जागी कापा.